मामांचे दोनशे आणि माझे दोनशे

थोडं लांबलचक लिहिणार आहे. रिटर्नचा सीझन चालू आहे, डोकं आकड्यांनी भरलंय, त्यामुळे पोस्टमध्येही आकडे येणारच. कंटाळा आला तर सोडून द्या. पण अर्धं वाचून कमेंटमध्ये भांडू नका, भांडायचंच असेल तर सगळं वाचून भांडा.

झालं असं, की मागच्या रविवारी मुलानं आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही आला असेल. मूठभर लोक टॅक्स भरतात आणि बाकीचा देश फुकट खातो, या धर्तीचा. खाली लाडकी बहीण, फुकट रेशन, कर्जमाफी अशी यादी आणि शेवटी हात जोडलेला इमोजी. मुलानं त्याखाली स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, "बाबा, तुम्ही तर याच धंद्यात आहात. यात खोटं काय ते सांगा."

मी चार दिवस उत्तर दिलं नाही. आज इथे देतोय. त्याला विचारून देतोय, म्हणजे घरात नंतर वाद नको.

मी दिवाणजी माणूस. इचलकरंजीबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, आमच्याकडे कारखान्याचे हिशेब बघणाऱ्याला अजून दिवाणजीच म्हणतात. कॉम्प्युटर आला, टॅली आली, जीएसटी आला, पण नाव तेच राहिलं. मी दोन सायझिंगची, काही यंत्रमाग कारखान्यांची आणि एका प्रोसेसची कामं बघतो. जुलैमध्ये ओळखीपाळखीच्यांची रिटर्नं भरतो. तीस वर्षं हेच केलंय. म्हणजे टॅक्स म्हणजे काय हे मला बातम्यांमधून कमी आणि लोकांच्या चेहऱ्यावरून जास्त कळलंय.

त्यातला एक चेहरा प्रोसेसच्या गेटवर बसणाऱ्या मामांचा. वॉचमन आहेत. मूळचे जत तालुक्यातले, पंचावन्न-छप्पन्न वय. पगार साडेबारा हजार. एका पगाराला स्लिप घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"दिवाणजी, हे दोनशे कशाचं कापलंय ओ?"

म्हटलं, "मामा, प्रोफेशनल टॅक्स. व्यवसाय कर."

"माझा कसला व्यवसाय?"

काय सांगणार? म्हटलं, नोकरी हाच व्यवसाय. ते हसले. म्हणाले, "आन् फेब्रुवारीत तीनशे कापल्यालं. महिना अठ्ठावीस दिवसांचा, आन् कापायचं जास्त?"

याचं उत्तर सोपं आहे. वर्षाचे 2,500 व्हायला पाहिजेत म्हणून अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300. पण मामांचा पुढचा प्रश्न अवघड होता. त्यांनी सहज विचारलं, "मालकांचं किती कापतासा?"

मालकांचं म्हणजे डायरेक्टरांचं. त्यांचा पगार महिना पाच लाख दाखवलाय. त्यांचेही दोनशेच. वर्षाला तेच 2,500.

मी खरं तेच सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. स्लिप घडी करून खिशात ठेवली आणि गेटवर गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी नियम दाखवला असता. ते गप्प बसले म्हणून माझ्या डोक्यात राहिलं.

आता हिशेब बघा. साडेबारा हजारांतले दोनशे म्हणजे 1.6 टक्के. पाच लाखांतले दोनशे म्हणजे 0.04 टक्के. समजा उद्या सरकारनं ठरवलं की सगळ्यांना सारखा न्याय, सरसकट 1.6 टक्के. मग मालकांचे आठ हजार कापावे लागतील. कागदावर समान झालं. पण खरंच समान झालं का? मामांच्या घरात दोनशे रुपये म्हणजे तीन-चार दिवसांचं दूध. मालकांचे आठ हजार गेले तर त्यांच्या घरात कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून टक्का सारखा ठेवूनही ओझं सारखं होत नाही. उत्पन्न वाढेल तसा टक्काही थोडा वाढला पाहिजे. स्लॅबमागचा विचार एवढाच आहे. यासाठी कुठला वाद-बीद वाचावा लागत नाही. आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी मागतानाही पोरं बंगला बघून पावती फाडतात आणि कुणाला ते अन्यायाचं वाटत नाही. (बंगल्यातल्यांना वाटतं. पण तेही देतात.)

या व्यवसाय कराची गंमत म्हणजे त्याचा जन्म चांगल्या कामासाठी झालाय. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. 1972 चा दुष्काळ. आपल्याकडच्या जुन्या लोकांना खडी फोडणं आणि सुकडी हे दोन शब्द उच्चारले की पुरे. त्यातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. ती कल्पना वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग आपल्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात झालेला. योजनेला पैसा कुठून आणायचा, तर 1975 साली व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदारानं, वकिलानं, डॉक्टरनं, व्यापाऱ्यानं दरमहा थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून गावाकडच्या माणसाला बांधबंदिस्तीवर, रस्त्यावर, पाझर तलावावर काम द्यायचं. शहरानं गावासाठी भरलेला कर. पुढे 2005 साली केंद्रानं रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्यामागे आपल्या राज्याचा हा अनुभव होता.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमची आई होती की रोजगार हमीवर. मी लहान हुतो, भाकरी घिऊन जायचो."

म्हणजे ज्या करातून आईला मजुरी मिळाली तोच कर आज मुलाच्या पगारातून कापला जातोय. हे ऐकायला छान आहे, एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखं. पण मालकही तेवढाच भरतोय हे लक्षात आलं की सगळा छानपणा जातो. आणि यात राज्य सरकारचा हातही बांधलेला आहे. राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये या कराची कमाल मर्यादाच लिहून ठेवलीय. सुरुवातीला वर्षाला 250 रुपये होती, 1988 साली घटनादुरुस्ती करून 2,500 केली. तेव्हापासून आजतागायत तेवढीच आहे. 1988 साली वर्षाला अडीच हजार ही मोठ्या साहेबांनी भरायची रक्कम होती. आज ती वॉचमन भरतो. मोठे साहेब जिथे होते तिथेच आहेत, खालची माणसं पगार वाढून वाढून त्या मर्यादेपर्यंत पोचली. मधे 2023 पासून एक चांगली गोष्ट झाली, महिलांना पंचवीस हजार पगारापर्यंत हा कर माफ झाला. पुरुषांना मात्र दहा हजारांच्या वर गेलं की पूर्ण दोनशे.

आता मुलाकडे येतो.

तो पुण्यात आयटीत आहे. वर्षाचं पॅकेज तीस लाख. त्याची तक्रार, "माझे तीस टक्के सरकार घेतं." मी त्याचं रिटर्न भरतो त्यामुळे मला आकडा पाठ आहे. नव्या पद्धतीनं, म्हणजे 2025 च्या बजेटमध्ये आलेल्या स्लॅबप्रमाणे, तीस लाखांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट जाते. राहिले 29 लाख 25 हजार. पहिल्या चार लाखांवर शून्य. पुढच्या चारवर 5 टक्के, त्यापुढच्या चारवर 10, मग 15, 20, 25 आणि 24 लाखांच्या वर जे उरतं फक्त त्यावर 30. सगळं मिळून 4 लाख 57 हजार 500, त्यावर 4 टक्के सेस. एकूण 4 लाख 75 हजार 800. म्हणजे तीस लाखांचे सुमारे 16 टक्के. तीस नाही.

हा गैरसमज इतका पसरलाय की विचारू नका. शिकले-सवरलेले लोक मला सांगतात, "पगारवाढ नको, वरच्या स्लॅबमध्ये जाईन." अहो, वरच्या स्लॅबमध्ये तुम्ही जात नाही, तुमचा वरचा रुपया जातो. खालचे रुपये आपापल्या पायरीवरच बसलेले असतात. (बारा लाखांच्या आसपास सवलत संपते तिथे थोडी गडबड होऊ शकते, त्यासाठीही कायद्यात सोय केलीय. जास्त खोलात नेत नाही.)

पण सोळा टक्के असले तरी पावणेपाच लाख ही रक्कम लहान नाही. आणि तो म्हणतो त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याचे दिवसाचे दोन तास जातात. सोसायटीला टँकरचं पाणी. पोरीच्या बालवाडीची फी ऐकून माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला. दवाखाना खाजगी, शाळा खाजगी, पाणी खाजगी. मग टॅक्स कशाचा? पगारदाराचा कर हातात पगार यायच्या आधीच कापला जातो, त्याला लपवायला जागाच नसते. गेल्या काही वर्षांत देशात सगळ्या कंपन्यांनी मिळून भरलेल्या करापेक्षा माणसांनी भरलेला प्राप्तिकर जास्त झालाय, हे सरकारचेच आकडे. त्याआधी 2019 च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर उतरवून 22 टक्क्यांवर आणला होता, नवीन कारखान्यांना तर 15. तेव्हा कुणी फॉरवर्ड पाठवला नाही.

म्हणून मुलाचा राग मला कळतो. पण तो रागानं खाली बघतोय, मामांच्या बायकोकडे. तिला लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार मिळतात. याला वाटतं ते माझ्या खिशातून गेले.

आधी हे बघूया. ती योजना राज्याची. केंद्राच्या करातला वाटा राज्याला मिळतो हे खरं, पण राज्याच्या तिजोरीचा मोठा भाग जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं शुल्क यातून येतो. मामांच्या मोपेडमध्ये पेट्रोलच जातं. साबण त्यांच्याही मोरीत असतो. 2017 ते 2025 असा आठ वर्षं साबणावर, टूथपेस्टवर 18 टक्के जीएसटी होता. सप्टेंबर 2025 मध्ये तो 5 वर आला, बरं झालं. पण 18 असो की 5, साबण घेणारा कोण आहे हे दुकानदार विचारत नाही. साडेबारा हजारवाला आणि पाच लाखवाला एकाच दरानं भरतात, आणि साडेबारा हजारवाल्याचा पगार महिनाअखेर सगळाच्या सगळा दुकानात गेलेला असतो. तेव्हा "टॅक्स न भरणारे" असं म्हणताना आपण फक्त प्राप्तिकराबद्दल बोलतोय हे तरी लक्षात ठेवूया.

आता खाली बघायचं सोडून जरा वर बघू. इथे मला थोडं जपून लिहावं लागणार, कारण माझं पोट ज्यांच्यावर चालतं ते तिथे राहतात.

नावं नाहीत, गाव नाही, फक्त गणित. माझ्या मुलासारखंच कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न तीस लाख आहे, पण पगारातून नाही. वडिलांनी घेऊन ठेवलेले शेअर यानं विकले आणि तीस लाख नफा झाला. दुसरं काही उत्पन्न नाही. याला किती कर? लिस्टेड शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखापर्यंत माफ, पुढे सरळ साडेबारा टक्के. चार लाखांची मूळ सूटही इथे वापरता येते. हिशेब केला तर सेस धरून 3 लाख 21 हजार 750. मुलापेक्षा दीड लाखानं कमी. मुलानं वर्षभर रात्री अकरा-अकराला अमेरिकेचे कॉल घेतलेत. यानं एक बटण दाबलंय.

फरक दीड लाखाचा आहे म्हणून सोडून देऊ. रक्कम दसपट करा. तीन कोटी पगार असलेला माणूस अधिभार आणि सेस धरून साधारण 1 कोटी 11 लाख भरतो, म्हणजे 37 टक्के. तीन कोटींचा शेअरचा नफा असलेला भरतो साधारण 44 लाख. पंधरा टक्केही नाही. कारण नफ्यावरचा दर साडेबाराला थांबतो आणि अधिभारही पंधरा टक्क्यांच्या वर जात नाही. मग नफा तीन कोटी असो की तीनशे कोटी.

म्हणजे जो जिना आपण चढता म्हणतो, तो पगारदारासाठी खरंच चढता आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलं की तो उतरायला लागतो. आणि तळाशी, मामांच्या मजल्यावर, जिना नाहीच, सगळ्यांना एकच उंबरठा. चढण आहे ती फक्त मधे, आणि तिथे माझा मुलगा धापा टाकतोय. त्याला वाटतं खालच्यानं पाय ओढलाय.

आणि शेअर विकलेच नाहीत तर? तर काहीच नाही. किंमत दहा लाखांची दहा कोटी झाली तरी विकेपर्यंत कर नाही. माणूस गेला, पोराच्या नावावर झाले, तरी नाही. शेतीचं वेगळंच. शेती उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही आणि दोन-चार एकरवाल्यासाठी ते योग्यच आहे, त्याचं उत्पन्न आणि कर्ज यात फरक करणं मुश्कील असतं. पण तीस वर्षांत मी अशीही सात-बारा बघितलीत, जिथे जिराईत माळावर कागदोपत्री लाखो रुपयांचं पीक येतं. पाऊस पडो न पडो, दरवर्षी येतं. अशा एका पार्टीचं काम मी तीन वर्षं केलं. चौथ्या वर्षी "हे मला जमणार नाही" म्हटलं. पार्टी गेली. पहिल्या तीन वर्षांचं काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पोराची इंजिनिअरिंगची फी होती, एवढंच.

आता मला कुणी लाल झेंडेवाला म्हणण्याआधी दुसरी बाजूही सांगतो. जास्त कर म्हणजे जास्त न्याय, असंही नसतं. आपल्या देशानं ते करून बघितलंय. 1973-74 साली वरच्या पायरीचा दर अधिभार धरून 97.75 टक्के होता. दोन लाखांच्या वर शंभर रुपये मिळवले तर सव्वादोन रुपये हातात. मला ज्यांनी काम शिकवलं ते जुने दिवाणजी त्या काळातले. ते सांगायचे, एवढा टॅक्स आमच्या गावात कुणी भरला नाही, वह्या मात्र दोन झाल्या. वांच्छू समितीनं तेव्हाच सांगितलं होतं की दर खाली आणा, काळ्या पैशाचं एक मूळ इथे आहे. पुढे दर उतरत गेले. 1997 साली 10, 20, 30 झाले.

वारशावरही आपल्याकडे कर होता. इस्टेट ड्युटी. 1953 चा कायदा आणि तेव्हाचे अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा फेकणारे, तेच. दर वर 85 टक्क्यांपर्यंत होते, पळवाटा मोप होत्या आणि गोळा काय व्हायचं, तर शेवटी देशभरातून वर्षाला वीस कोटींच्या आसपास. 1985 साली विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो बंद केला. संपत्ती कर 2015 च्या बजेटमध्ये जेटलींनी काढला, कारण 2013-14 मध्ये त्यातून जेमतेम 1,008 कोटी आले होते. त्याऐवजी त्यांनी एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून 9,000 कोटींची अपेक्षा धरली. मला हा प्रकार आवडला होता. पकडता न येणारा 85 टक्के कर ठेवण्यापेक्षा पकडता येणारा दोन टक्के बरा. पण 2023 मध्ये नव्या पद्धतीत पाच कोटींच्या वरच्यांचा अधिभार 37 वरून 25 केला आणि वरचा एकूण दर 42.74 वरून 39 वर आला. त्याच सुमारास, 2022-23 साठी, जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या पिकेटी वगैरे मंडळींचा अंदाज होता की देशातलं 22 टक्क्यांहून जास्त उत्पन्न आणि 40 टक्के संपत्ती वरच्या एक टक्क्याकडे आहे. अंदाजात चूकभूल असेल. निम्मी चूक धरली तरी आकडा लहान होत नाही.

आता माझे दोनशे.

दिवाळीच्या आधी मी आमचं इथलं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं केलं. वय झालं, मागे भानगड नको. घराची किंमत आज साठ लाखांच्या आसपास असेल. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नवरा-बायकोला, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क किती माहिती आहे? दोनशे रुपये. नोंदणी फी, स्थानिक अधिभार, वकील, झेरॉक्स वेगळं, पण मुद्रांक शुल्क दोनशे. तेच घर परक्याला विकलं असतं तर घेणाऱ्याला पाच-सहा टक्के म्हणजे तीन-साडेतीन लाख पडले असते. आणि मुलाला मिळालेल्या या साठ लाखांवर प्राप्तिकर शून्य.

सब-रजिस्ट्रार ऑफिसमधून बाहेर पडताना मी खूश होतो. रसवंतीवर दोघांनी रस प्यायला. चार दिवसांनी पगारपत्रक काढायला बसलो, मामांच्या नावापुढे 200 टाइप केलं आणि हात थांबला.

मुलाला मी हे फोनवर सांगितलं. म्हटलं, ज्या तीस लाखांसाठी तू राबलास त्यावर पावणेपाच लाख भरलेस. ज्या साठ लाखांसाठी तू काहीच केलं नाहीस त्यावर सरकारनं तुला विचारलंसुद्धा नाही. तुला राग पहिल्याचा आला, दुसरं लक्षातही आलं नाही. आणि ज्याला बापाकडून साठ लाखांऐवजी साठ कोटींचे शेअर मिळतात त्यालाही कुणी विचारत नाही.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे वारसा कर पाहिजे म्हणताय?"

म्हटलं, हो, पण मोठ्या इस्टेटींवर. दहा कोटी, वीस कोटींच्या वर, दर बेताचा, 85 टक्क्यांचा वेडेपणा नको. शेअरचा नफा एका मर्यादेच्या वर गेला की पगारासारखाच स्लॅबमध्ये धरावा. आणि व्यवसाय कराचा दोनशेचा टप्पा दहा हजारांवरून निदान पंचवीस हजारांवर न्यावा, पुरुषांनाही. यातलं शेवटचं राज्य सरकार घटनेला हात न लावता करू शकतं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल कुठलाच पक्ष बोलणार नाही हे मला माहीत आहे. 2024 च्या लोकसभेला वारसा कराचा नुसता उल्लेख झाला तर केवढा गदारोळ झाला. ज्यांच्या बाजूनं तो शब्द आला त्यांनीच लगेच हात झटकले. ज्यांच्याकडे मंगळसूत्र आणि एक गुंठा आहे तेसुद्धा घाबरले की आपलं जाणार.

यावर मुलगा जे बोलला ते मला अजून टोचतंय. म्हणाला, "बाबा, दहा कोटीच का? आपलं घर साठ लाखांचं आहे म्हणून? मालकांना विचारलं तर ते शंभर कोटी म्हणतील. मर्यादा प्रत्येक जण स्वतःच्या डोक्यावरच आखतो."

बरोबर बोलला. मामांना विचारलं तर तेही म्हणतील, साठ लाखांचं घर फुकट मिळालेल्या माणसानं थोडं काहीतरी द्यायला हवं होतं. मी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. साठ लाखांवर एक टक्का म्हटलं तरी साठ हजार. मी दिले असते का? कायद्यानं मागितले असते तर कुरकुरत दिले असते. मागितले नाहीत, म्हणून रस प्यायला गेलो.

फॉरवर्ड मात्र मुलानं ग्रुपवरून डिलीट केलेला नाही. मीही म्हटलं नाही. त्याखाली आता बाविसेक मेसेज झालेत, दोन काकांचं आणि एका आत्याचं जुंपलंय.

मामांची या महिन्याची स्लिप काढून ठेवलीय. "पीटी" असं इंग्रजीत येत होतं, ते बदलून "व्यवसाय कर (रु. 200)" असं मराठीत केलं. फॉन्ट बसत नव्हता, अर्धा तास गेला त्यात. मालकांच्या स्लिपवरही तेच आलंय.